अमेरिकेचा एफ-१ व्हिसा: आय-२० आल्यापासून कॉलेजात हजर होईपर्यंत

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना एफ-१ व्हिसा लागतो. पदवी, पदव्युत्तर, पीएच.डी., कम्युनिटी कॉलेज, इंग्रजीचा पूर्णवेळ अभ्यासक्रम हे सगळं त्यात बसतं. विमान चालवायला शिकणं किंवा तांत्रिक कसबांचे व्यवसाय-अभ्यासक्रम एम-१ मध्ये जातात, तर देवाणघेवाण कार्यक्रमांतून जाणाऱ्यांना जे-१ मिळतो. यातला कोणता आपला, हे कॉलेज पाठवतं त्या फॉर्मवरून कळतं. आय-२० आला तर एफ किंवा एम, डीएस-२०१९ आला तर जे. इथून पुढचं सगळं एफ-१ बद्दल आहे आणि भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे.

व्हिसाची मुलाखत बहुधा दोन-तीन मिनिटांत उरकते. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर तुमचा डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, आणि सेव्हिस या विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली नोंद पडद्यावर उघडी असते. बगलेतली जाडजूड फाइल तो बऱ्याचदा मागतही नाही. म्हणून खरं काम त्याआधीच्या आठवड्यांत करायचं असतं. आय-२०, डीएस-१६०, पैशांचे कागद आणि तुमची उत्तरं या चारही ठिकाणी एकच हकीगत असली पाहिजे. यातल्या दोन गोष्टींचा मेळ बसला नाही की उलटतपासणी सुरू होते, आणि दोन मिनिटांत खुलासा करणं कठीण जातं.

आय-२० आधी नीट वाचा

प्रवेशपत्र मिळालं तरी आय-२० आपोआप येत नाही. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पासपोर्टची प्रत आणि पैशांचा पुरावा पाठवावा लागतो. तिथला अधिकृत माणूस, म्हणजे डीएसओ, सेव्हिस या सरकारी प्रणालीत तुमची नोंद करतो आणि मग आय-२० तयार होतो. हा फॉर्म फक्त सरकारमान्य, म्हणजे एसईव्हीपी प्रमाणित संस्थाच देऊ शकतात. कॉलेजचं नाव फारसं ऐकलेलं नसेल तर ते या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघा. यादी सरकारी संकेतस्थळावर खुली आहे.

आता आय-२० सहसा पीडीएफमधून येतो. तो आला की पहिलं पान ओळीओळीने तपासा.

वर डाव्या बाजूला ‘एन’ अक्षराने सुरू होणारा दहा आकडी सेव्हिस क्रमांक असतो. पुढे जागोजागी तोच लागतो. त्याखाली नाव. महाराष्ट्रात पासपोर्टवर आडनाव वेगळं असतं आणि ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडलांचं नाव अशी जोडी असते. प्रवेशाचा अर्ज करताना वडलांचं नाव गाळलेलं असेल तर आय-२० वरही ते येत नाही. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं नाव छापलंय, अक्षरशः तसंच आय-२० वर हवं. फरक दिसला तर लगेच डीएसओला कळवून दुरुस्त प्रत मागवा. हे काम ईमेलवर होतं आणि त्यासाठी सेव्हिस क्रमांक बदलत नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असेल, तर व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी छापलं जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, येतं. मग बँक, वाहन परवाना, पगार, सगळीकडे हे ‘एफएनयू’ मागे लागतं. वेळ हाताशी असेल तर अर्जाआधीच पासपोर्टवर आडनाव चढवून घेणं बरं.

त्यानंतर अभ्यासक्रमाचं नाव, पातळी, सुरुवातीची आणि शेवटची तारीख. सुरुवातीच्या तारखेच्या आधी जास्तीत जास्त ३० दिवस अमेरिकेत शिरता येतं. ती सर्वांत लवकरची तारीख आय-२० वर वेगळी छापलेली असते.

पानाच्या मधल्या भागात पैशांचे दोन रकाने असतात, आणि सगळ्यात जास्त प्रश्न यावरूनच निघतात. डावीकडे कॉलेजने काढलेला खर्च: शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च, सोबत कुटुंब असेल तर त्यांचा, आणि इतर, म्हणजे आरोग्यविमा, पुस्तकं वगैरे. उजवीकडे हा पैसा कुठून येणार ते: स्वतःचा किंवा कुटुंबाचा, कॉलेजकडून मिळणारा, अन्य स्रोताकडून, आणि कॅम्पसवरच्या कामातून. डावीकडच्या बेरजेइतकी तरी उजवीकडची बेरीज हवी. हे आकडे सहसा एका वर्षाचे असतात, पण नऊ महिन्यांचे किंवा बारा महिन्यांचे हे वरच्या ओळीत लिहिलेलं असतं, ते बघून ठेवा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एका वर्षाचा आकडा सांगून मोकळे होणारे पुष्कळ असतात. ‘आणि दुसऱ्या वर्षाचं काय?’ असं विचारल्यावर त्यांची गाडी अडते.

आय-२० वर तुमची सही लागते. अठराच्या आत वय असेल तर आई किंवा वडलांचीही.

अनेक कॉलेजांचे आय-२० आले असतील तर जिथे खरोखर जाणार तेवढा एकच पुढे न्यायचा. व्हिसावर त्या कॉलेजचं नाव आणि सेव्हिस क्रमांक छापला जातो, म्हणून मुलाखत एकाच्या आय-२० वर आणि प्रवास दुसऱ्याच्या, असं करू नका.

पैशांची जुळवणी

समजा आय-२० वर एकूण खर्च ४८,००० डॉलर आहे आणि कॉलेजची शिष्यवृत्ती ८,००० डॉलर. उरले ४०,०००. त्यातले ३०,००० शैक्षणिक कर्जातून आणि १०,००० आई-वडलांच्या बचतीतून येणार असतील तर तुमच्या कागदांत नेमके हेच दोन आकडे दिसायला हवेत: बँकेचं कर्जमंजुरीपत्र आणि बचत खात्याचा किंवा मुदतठेवीचा दाखला. डॉलरचा भाव वर जाऊ शकतो, त्यामुळे रुपयांत मोजताना दहा टक्के तरी जास्त धरा.

कर्जमंजुरीपत्रात रक्कम, अभ्यासक्रम आणि कॉलेजचं नाव असावं. दुसऱ्या कॉलेजच्या नावावर मंजूर झालेलं पत्र घेऊन गेलात तर आय-२० शी विसंगती आपल्याच हाताने उभी कराल. बँकेकडून नवं पत्र घ्या. ‘तत्त्वतः मंजुरी’ आणि अंतिम मंजुरी यांत फरक आहे. पहिलं पत्र आय-२० मागवायला अनेक कॉलेजांना चालतं, मुलाखतीला मात्र दुसरं हातात असलेलं बरं.

बचतीच्या बाबतीत अधिकारी दोन गोष्टी पाहतो: पैसा लगेच काढता येण्यासारखा आहे का, आणि तो आला कुठून. घर, शेत, सोनं यांचं सीएने दिलेलं मूल्यांकन घराण्याची ऐपत दाखवतं, त्यातून फी भरता येत नाही. मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल तर तिचा उगम कागदावर दाखवता आला पाहिजे: मोडलेली ठेव, विकलेला प्लॉट, भविष्यनिर्वाह निधी. नातेवाइकांकडून चार दिवसांसाठी पैसे फिरवून शिल्लक फुगवण्याचा सल्ला देणारे भेटतात. असला कागद खोटा ठरला तर फटका एका अर्जापुरता राहत नाही. चुकीची माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला, असा शेरा बसला की कायमची अपात्रता येऊ शकते.

खर्च उचलणाऱ्याची गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरी असेल तर पगारपत्रकं, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी, एवढं सोबत ठेवा. काका किंवा मामा पैसे देणार असतील तर ते का देत आहेत, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. आई-वडील सोडून तिसरा माणूस खर्च उचलत असला की हा प्रश्न येतोच.

सेव्हिस शुल्क

आय-९०१ नावाचं हे शुल्क एफ आणि एम विद्यार्थ्यांसाठी ३५० डॉलर आहे. ते व्हिसाशुल्काहून वेगळं असतं आणि वेगळ्या संकेतस्थळावर कार्डाने भरलं जातं. सेव्हिस क्रमांक, कॉलेजचा कोड आणि जन्मतारीख आय-२० बघून टाका. एक आकडा चुकला तर पैसे जातात आणि नोंद तुमच्या नावावर लागत नाही. मुलाखतीच्या किमान तीन दिवस आधी भरलेलं असावं, म्हणजे अधिकाऱ्याला ते पडद्यावर दिसतं. पावती छापून घ्या. व्हिसा नाकारला गेला आणि बारा महिन्यांच्या आत त्याच प्रकारच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला, तर हे शुल्क परत भरावं लागत नाही. कॉलेज बदललं आणि सेव्हिस क्रमांक नवा आला, तर भरलेलं शुल्क त्या क्रमांकावर वळवून घेता येतं.

डीएस-१६०: एकदा पाठवला की हात लावता येत नाही

हा ऑनलाइन अर्ज अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर भरायचा. पासपोर्ट, आय-२०, आई-वडलांच्या जन्मतारखा, शाळा-कॉलेजांचे पत्ते आणि तारखा, आधीच्या परदेशप्रवासाची माहिती हे सगळं टेबलावर घेऊनच बसा. पानावर वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही तर सत्र बंद पडतं. सुरुवातीलाच दिसणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि प्रत्येक पान जतन करत चला. अर्धवट अर्ज तीस दिवस राहतो. जास्त वेळ लागणार असेल तर फाइल संगणकावर उतरवून ठेवता येते.

सुरुवातीला शहर विचारलं जातं. जिथे मुलाखत देणार तेच निवडा. भारतात दिल्लीचा दूतावास आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद इथली वाणिज्य दूतावास कार्यालयं असे पाच पर्याय आहेत.

फोटोवर बरेच अर्ज अडतात. छापील प्रत दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आत काढलेला, चेहरा समोर, दोन्ही डोळे उघडे. चष्मा नको. नेहमी चष्मा लावणाऱ्यांनीही काढायचा, हा नियम २०१६ पासून आहे. डिजिटल फोटो चौकोनी, ६०० ते १२०० पिक्सेल, जेपीईजी आणि २४० केबीच्या आत. डोक्याची उंची फोटोच्या निम्म्याहून थोडी जास्त असावी. फोनमधल्या ‘ब्यूटी’ फिल्टरने गुळगुळीत केलेला चेहरा नाकारला जाऊ शकतो.

देवनागरीत नाव लिहायला एक रकाना असतो, तो सोडून बाकी सगळं इंग्रजीत.

समाजमाध्यमांच्या रकान्यात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं द्यायची असतात. वर्षभर न उघडलेलं जुनं खातंही त्यात येतं. जून २०२५ पासून एफ, एम आणि जे अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलं जातं. माहिती गाळणं हे व्हिसा नाकारायचं कारण होऊ शकतं, असं दूतावासाने जाहीरपणे सांगितलं आहे. नोकरीविषयक जाळ्यावरच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या तारखा आणि डीएस-१६० मधल्या तारखा एकदा शेजारी ठेवून बघा. गंमत म्हणून वाढवून लिहिलेला सहा महिन्यांचा अनुभव इथे अडचणीत आणतो.

अमेरिकेत कोणी नातेवाईक आहेत का, तुमच्यासाठी कोणी कधी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, आधी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का, हे प्रश्न येतात. दहा वर्षांपूर्वी आत्याने सगळ्या कुटुंबासाठी ग्रीन कार्डचा अर्ज टाकला असेल तर आधी घरात विचारून खात्री करा. ‘नाही’ लिहिल्यावर त्यांच्या नोंदीत तो निघणं, ‘हो’ लिहून खुलासा करण्यापेक्षा कितीतरी वाईट.

पाठवून झाल्यावर बारकोडचं पुष्टीपान मिळतं. ते छापा. नंतर चूक लक्षात आली तर त्याच अर्जात दुरुस्ती होत नाही. जुन्या अर्जावरून नवा डीएस-१६० तयार करून पाठवायचा आणि अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा बारकोड टाकायचा. हे दुसरं पाऊल लोक विसरतात. मग बायोमेट्रिकच्या दारात हातातला कागद एक आणि प्रणालीतला क्रमांक दुसरा, असा घोळ होतो.

शुल्क आणि तारीख

व्हिसा अर्जाचं शुल्क १८५ डॉलर आहे. भारतात ते रुपयांत, त्या वेळी दूतावासाने ठरवलेल्या दराने भरलं जातं. ते परत मिळत नाही आणि वर्षभराच्या आत तारीख घ्यायला वापरावं लागतं. जुलै २०२५ च्या कायद्यात व्हिसावर २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद झाली आहे. तुमच्या अर्जाच्या दिवशी ते लागू आहे का, हे दूतावासाच्या पानावर बघूनच पैसे बाजूला काढा.

भारतात दोन तारखा घ्याव्या लागतात. पहिली व्हीएसी, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, ठसे आणि फोटोसाठी (बायोमेट्रिक), दुसरी मुलाखतीची. प्रोफाइलमध्ये पासपोर्ट क्रमांक, डीएस-१६० चा बारकोड आणि सेव्हिस क्रमांक टाकताना अंक दोनदा वाचा.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या फॉल सत्रासाठी मे ते जुलै या काळात स्लॉटसाठी झुंबड उडते. नवीन विद्यार्थ्याला सत्र सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपासून व्हिसा मिळू शकतो, त्यामुळे आय-२० हातात असेल तर मार्च-एप्रिलची तारीखही चालते. वाट पाहत बसण्यात काय धोका असतो ते २०२५ मध्ये दिसलं. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींचं वेळापत्रकच थांबवलं होतं, आणि जुलैवर विसंबलेले अडकले. तारीख फार उशिराची मिळाली तरी आधी ती घेऊन ठेवा. लवकर तारखेची विनंती करायची झाली तरी हातात एक नेहमीची तारीख असावी लागते.

‘स्लॉट काढून देतो, फक्त पासवर्ड द्या’ म्हणणाऱ्यांना प्रोफाइल देऊ नका. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या दूतावासाने यंत्राद्वारे घेतलेल्या सुमारे दोन हजार अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या. शिवाय वारंवार लॉगिन झालं की खातं काही काळ गोठतं, ते वेगळंच. कन्सल्टन्सीकडून अर्ज भरून घ्यायला हरकत नाही, पण पाठवण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा. सहीच्या जागी तुमचं नाव असतं, त्यांचं नव्हे. आणि तिकडच्या कोण्या देशात स्लॉट लवकर मिळतो म्हणून तिथून अर्ज करण्याची वाटही आता अरुंद झाली आहे. सप्टेंबर २०२५ पासून आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच अर्ज करावा, असं परराष्ट्र खात्याचं सांगणं आहे.

व्हीएसी आणि मुलाखत

व्हीएसीमध्ये पासपोर्ट, डीएस-१६० चं पुष्टीपान आणि अपॉइंटमेंटचं पत्र लागतं. दहाही बोटांचे ठसे घेतात. बोटाच्या टोकावर ताजी जखम किंवा भाजल्याचा डाग असेल तर ठसा नीट येत नाही, तेव्हा शक्य असल्यास तारीख पुढे घ्या.

मुलाखतीच्या दिवशी पारदर्शक फोल्डरमध्ये, वरून खाली या क्रमाने ठेवा: पासपोर्ट, आधीचे पासपोर्ट, अपॉइंटमेंटचं पत्र, डीएस-१६० चं पान, सही केलेला आय-२०, सेव्हिस शुल्काची पावती, एक फोटो. त्यामागे प्रवेशपत्र, गुणपत्रकं, परीक्षांचे निकाल, कर्जमंजुरी, बँकेचे कागद. फोन, स्मार्टवॉच, बॅग आत नेऊ देत नाहीत. सामान सांभाळायला बाहेर कोणाला तरी थांबवा.

कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार प्रत्येक अर्जदार कायमचं स्थायिक व्हायला निघालाय, असं अधिकाऱ्याने गृहीत धरायचं असतं, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी तुमच्यावर असते. वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे नोकरी, घर, संसार असं दाखवण्यासारखं काही नसतं, हे त्यालाही ठाऊक असतं. म्हणून तो बघतो की हा माणूस खरोखर शिकायला चालला आहे का, शिकू शकेल का, फी भरू शकेल का, आणि या शिक्षणाचं पुढे काय करायचं याचा त्याने काही विचार केला आहे का.

‘हेच कॉलेज का?’ हा प्रश्न जवळपास ठरलेला. ‘उत्तम प्राध्यापक, जागतिक दर्जाच्या सुविधा’ हे उत्तर शेजारच्या खिडकीवरही चालू असतं. त्याऐवजी: ‘माझं पदवीचं काम वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर होतं. इथे दुसऱ्या सत्रात ग्रिडवरचे दोन विषय आहेत आणि त्यांची प्रयोगशाळा मला वापरता येईल. मी सहा ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. दुसरीकडे हे विषय नव्हते.’ वीस सेकंदांत संपतं, आणि पुढचा प्रश्न काय येईल तोही तुमच्या आवाक्यातला असतो. विषयांची नावं कॉलेजच्या पानावरून वाचून जा. त्यांतला एखादा विषय म्हणजे काय असतं, असं विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

पैशांच्या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर द्या: एकूण इतका खर्च, इतकी शिष्यवृत्ती, इतकं कर्ज, उरलेले वडील देणार, ते अमुक काम करतात. मागचे राहिलेले विषय किंवा मधल्या वर्षाची खंड असेल तर कारण एका वाक्यात सांगून थांबा. पाल्हाळ लावलं की दडवण्यासारखं काहीतरी आहे असं वाटतं.

‘शिक्षण झाल्यावर काय?’ इथे घोकलेली देशभक्ती कानाला लगेच कळते. कोणत्या क्षेत्रात, कोणत्या प्रकारच्या कामात, हे ठोस सांगा. पदवीनंतर काही काळ आपल्या विषयात काम करू देणाऱ्या ओपीटीबद्दल विचारलंच तर ती कायदेशीर सोय आहे, माहीत असल्याचं नाकारण्याचं कारण नाही. पण नोकरी आणि डॉलर हाच सगळ्या उत्तरांचा सूर असेल तर शिकायला जातोय हे कोणाला पटणार?

प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. पाठांतरातलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला देऊन टाकण्यापेक्षा ते कधीही परवडतं.

निकाल

व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात आणि काही दिवसांनी तो निवडलेल्या केंद्रातून उचलायचा किंवा पैसे भरून घरी मागवायचा. मिळाल्या मिळाल्या व्हिसावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कॉलेजचं नाव आणि सेव्हिस क्रमांक तपासा. छपाईची चूक असेल तर प्रवासाआधीच दुरुस्त करून घ्या.

२२१(जी) चा कागद मिळाला तर अर्ज अडकला आहे, संपलेला नाही. एक तर काही कागद हवे असतात, किंवा प्रशासकीय तपासणी होणार असते. संवेदनशील तंत्रज्ञानातल्या संशोधनाला जाणाऱ्यांकडून अशा वेळी सीव्ही, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक प्राध्यापकाची माहिती मागतात. कागदावर सांगितलंय तेवढंच, सांगितलंय त्या मार्गाने पाठवा. या काळात ऑनलाइन स्थिती ‘रिफ्यूज्ड’ दिसते, ते बघून धसका घेऊ नका. विमानाचं परत न मिळणारं तिकीट मात्र काढू नका, आणि सत्राच्या तारखेला पोहोचणं जमणार नसेल तर डीएसओला वेळेत कळवा. तो सुरुवातीची तारीख पुढे सरकवू शकतो.

२१४(बी) खाली नकार आला तर त्यावर अपील नसतं. पुन्हा अर्ज कधीही करता येतो: नवा डीएस-१६०, नवं व्हिसाशुल्क, आणि ‘आधी नकार मिळाला आहे का’ला ‘हो’. पण आठवड्याभरात तेच कागद आणि तीच उत्तरं घेऊन गेलात तर वेगळा निकाल लागायला कारण काय? मुलाखतीतून बाहेर पडल्यावर लगेच, आठवणीत असतानाच, सगळे प्रश्न आणि आपली उत्तरं क्रमाने लिहून काढा. कुठे अधिकाऱ्याने टायपिंग थांबवलं, कुठे तोच प्रश्न फिरवून विचारला, तिथे पाणी मुरतंय. पैशांचं असेल तर कागद बदला, कॉलेजचं कारण लंगडं असेल तर अभ्यास करा.

विमानात बसताना आणि उतरल्यावर

आय-२०, प्रवेशपत्र, सेव्हिसची पावती, पैशांचे कागद हँडबॅगेतच ठेवा. अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर इमिग्रेशनची खिडकी आधी लागते आणि सामानाचा पट्टा नंतर. चेक-इन केलेल्या बॅगेत आय-२० असेल तर तो त्या खिडकीवर दाखवता येत नाही. कागद अपुरे असतील तर अधिकारी आय-५१५ए नावाचा फॉर्म देऊन फक्त तीस दिवसांसाठी आत सोडू शकतो. मग उरलेले कागद त्या मुदतीत पाठवावे लागतात. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख सोबत असेल तर ती जाहीर करणं बंधनकारक आहे.

आत गेल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ ची, म्हणजे देशात शिरल्याची, नोंद सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. तिथे एफ-१ लिहिलेलं हवं. चुकून पर्यटक म्हणून नोंद झाली असेल तर डीएसओला लगेच सांगा. विद्यार्थ्यांच्या नोंदीत मुदतीच्या जागी आजवर ‘डी/एस’ असं असायचं, म्हणजे शिक्षण नियमाप्रमाणे चालू असेपर्यंत राहता येईल. ही पद्धत बदलून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये सरकारने मांडला. त्यामुळे तुमच्या आय-९४ वर नेमकं काय छापलंय ते स्वतः बघा. पासपोर्टमधल्या व्हिसाची तारीख ही फक्त देशात शिरण्यासाठी असते. तिथे राहण्याची मुदत आय-९४ आणि आय-२० वरून ठरते.

आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन नोंद करा. आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत कॉलेजने सेव्हिसमध्ये तुम्ही आल्याचं दाखवलं नाही तर नोंद रद्द होते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात किमान बारा क्रेडिट लागतात. पदव्युत्तरला बहुतेक ठिकाणी नऊ, पण कॉलेजचा नियम विचारून घ्या. जड जाणारा विषय सोडण्याआधी डीएसओची परवानगी घ्या, नंतर नव्हे. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं. बाहेरच्या दुकानात किंवा हॉटेलात परवानगीशिवाय केलेलं काम रोखीत असो वा ‘मदत’ म्हणून, त्याने एफ-१ चा दर्जा जातो. घर बदललं की नवा पत्ता दहा दिवसांच्या आत कळवायचा.

सुट्टीत घरी यायचं असेल तर तिकिटाआधी आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची प्रवासासाठीची सही आहे का ते पाहा. शिकत असेपर्यंत ती एक वर्ष चालते. परतण्याच्या दिवशी ती एका वर्षाच्या आतली हवी, म्हणून डिसेंबरच्या गर्दीत रांगेत उभं राहण्यापेक्षा ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा.